मठारलेलं मडगार्ड

नानांनी फडकं ओढलं आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"हे काय केलंत, नाना?"

"मडगार्ड," नाना म्हणाले. "तुमच्या गाडीचं."

"ते दिसतंय मला. पण हे ठसे? हे कुणी सांगितलं होतं?"

"मठारलंय ते." नानांचा चेहरा अजून फुललेलाच होता. माझा आवाज चढलाय हे त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं. "एक ठसा दुसऱ्यावर चढलेला दाखवा, साहेब. एक दाखवा."

मी काय दाखवणार, कपाळ? तांब्याच्या हंड्यावर, घंगाळावर हातोडीचे ओळीनं चपटे ठसे असतात ना, उन्हात धरलं की लकाकणारे, तसले ठसे माझ्या गाडीच्या डाव्या मडगार्डावर या टोकापासून त्या टोकापर्यंत पडले होते. हजारो. आणि गाडीचं उजवं मडगार्ड मात्र कारखान्यातून आलं तसं गुळगुळीत. एका गालावर देवीचे व्रण आणि दुसरा गाल साबणाच्या जाहिरातीतला, असं ध्यान घेऊन मी बारा दिवसांनी जुन्या गाड्यांच्या रॅलीत उभा राहणार होतो.

आता गाडीचं सांगायला हवं. एकोणीसशे अठ्ठावन्नची डुक्कर फियाट. पुढचं तोंड बघितलं की नाव कुणी आणि का ठेवलं ते विचारावं लागत नाही. पुढचे दोन्ही दरवाजे उलटे उघडतात, गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला. सिन्नरला एका बंद पडलेल्या विडी कारखान्याच्या आवारात ती वीस वर्षं उभी होती आणि मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालत होत्या. मी ती टेम्पोत घालून नाशकात सोसायटीत आणली, तेव्हा निर्मला, म्हणजे आमच्या सौभाग्यवती, जिन्यात उभ्या राहून म्हणाल्या, "गाडी आणलीत की खुराडं?"

तेव्हापासून चार वर्षं माझे सगळे रविवार त्या खुराड्यात गेले. तळाचा पत्रा गंजून पार चाळण झाला होता, म्हणून गॅस वेल्डिंग शिकलो. इंजिन सुटं केलं, धुतलं, जोडलं, तीन बोल्ट उरले म्हणून परत सुटं केलं. जुना डायनॅमो काढून आल्टरनेटर बसवला, सीटबेल्ट लावले. आत जे बदलायचं ते बिनदिक्कत बदललं. पण तोंड मूळचंच ठेवायचं, यावर मी ठाम होतो.

हा सगळा उपद्व्याप कशासाठी, ते मी तेव्हा कुणाला सांगितलं नव्हतं. आज सांगतो. मी सातपूरच्या एका कारखान्यात इन्स्पेक्शनला होतो. चोवीस वर्षं. दुसऱ्यानं केलेला माल टेबलावर यायचा, मी मोजायचो, आणि पास नाही तर रिजेक्ट. सप्लायर माझ्या नावानं बोटं मोडायचे. खिशात कायम लाल खडू असायचा. एकदा निवृत्त होणाऱ्या एका टर्नरनं निरोपाच्या चहाला मला सगळ्यांदेखत विचारलं, "खैरनार साहेब, आयुष्यभर आमच्या मालात खोड्या काढल्यात. तुम्ही स्वतः काय केलंत हो, हातानं?" सगळे हसले. मीही हसलो. पण ते लागलं. माझ्या नावावर नाकारलेल्या वस्तू हजारो होत्या, केलेली एकही नव्हती. ही गाडी म्हणजे माझी एक वस्तू होती. ती रॅलीत, चार जाणत्या माणसांसमोर, मूळ स्वरूपाच्या गटात उभी राहायला हवी होती. मला दुसरं काही नको होतं.

सगळं जमलं, डावं मडगार्ड सोडून. त्यावर आधीच्या मालकांनी दोन बोटं जाडीची लांबी, म्हणजे पुटी, थापून रंग मारला होता. ती खरवडली तर खाली मडगार्डच नव्हतं, नुसता गंज. डेंटिंगवाले यायचे, बघायचे आणि एकच सांगायचे, "पॅच मारू, लांबी भरू, कळणार पण नाही." मला कळणार होतं ना.

मग एका लग्नाच्या आहेरासाठी कळशी घ्यायला जुन्या नाशकातल्या तांबटांच्या गल्लीत गेलो. तिथं नाना करड्यांच्या दुकानात तांब्याचा पाणी तापवायचा बंब उभा होता. जुना, विकला न गेलेला. त्याच्या पोटाचा बाक बघून मी कळशी विसरलो. सपाट पत्र्यातून, जोड न देता, नुसत्या हातोडीनं काढलेला तो बाक म्हणजे माझं मडगार्डच होतं की!

"लोखंडाला आम्ही हात लावत नाही," नाना म्हणाले. सत्तरीचे, काटक, डोक्याला टोपी, अंगात बंडी. "तांबं म्हणजे माहेरवाशीण, मागाल ते देतं. लोखंड म्हणजे सासू."

"करून तर बघू, नाना," आतून आवाज आला. त्यांची मुलगी वैजयंती, वैजू. असेल तिशी-बत्तिशीची. चिंचेच्या कोळानं भांडी उजळत बसली होती. "नाही तरी दुसरं काय काम आहे?"

दुसरं काम नव्हतंच. बंबांना गिझरनं खाल्लं होतं, हंड्यांना प्लॅस्टिकनं. एक मोबाईलवाला त्या दुकानासाठी रोज खेटे घालत होता. नानांनी त्याला संक्रांतीनंतर सांगतो म्हटलं होतं. मी सगळं ऐकून घेतलं आणि शब्द देऊन बसलो, "नाना, हे एक मडगार्ड करून द्या. आमच्या क्लबात वीसबावीस जुन्या गाड्या आहेत आणि सगळ्यांची मडगार्डं कुजलीत. माझं पास झालं की बाकीची सगळी तुमच्याकडे."

"आणि नाही झालं तर?"

"तर नाही."

"मग आम्ही कुलूप लावतो," नाना म्हणाले. सहज म्हणाले, पण वैजूचा हात भांड्यावर थांबला होता.

मी त्यांना ड्रॉइंग करून दिलं. चांगलं मोठं, एकतीस मापांचं. उजव्या मडगार्डावरून उलट्या बाजूचे प्लायवूडचे सात फर्मे कापून दिले, म्हणजे पत्र्याचा बाक कुठं किती हवा ते ताडून बघता येईल. दोन महिने अधूनमधून चक्कर मारायचो तेव्हा दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढलेलं असायचं आणि आतून ठोक्यांचा आवाज यायचा. मी आलो की आवाज थांबायचा, नाना बाहेर यायचे आणि म्हणायचे, "झाल्याशिवाय बघायचं नाही, साहेब. नजर लागते."

आणि झालं ते हे.

"नाना, मला गुळगुळीत पाहिजे होतं. गाडीचं उजवं मडगार्ड बघितलंत ना? तसं!"

"तो कच्चा माल आहे, साहेब." नानांना आता कुठं कळायला लागलं होतं की काहीतरी बिनसलंय. "मठारल्याशिवाय पत्रा ताठ होत नाही. अंगठ्यानं दाबून बघा. जरा दाबून तर—"

"मला दाबायचं नाही! बारा दिवस राहिलेत माझे!"

वैजू चहाचा ट्रे घेऊन दारात आली होती, ती तिथंच थांबली. मी खिशात हात घातला. सवयीनं, देवाशपथ सवयीनं, तो लाल खडू बाहेर काढला आणि मडगार्डावर या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत फुली मारली.

"रिजेक्ट," मी म्हणालो.

गल्लीत शेजारच्या दुकानात कुणीतरी हसलं. नाना फुलीकडे बघत राहिले. मग शांतपणे म्हणाले, "ठीक आहे. परत आलेलं भांडं आमच्याकडे रात्र काढत नाही. दिवेलागणीच्या आत ठोकून चपटं करायचं आणि मोडीत टाकायचं. माझ्या आजोबांपासून आहे तसं."

"काढा मोडीत," मी म्हणालो आणि स्कूटरला किक मारली. चहा तसाच राहिला.

घरी आलो तेव्हा निर्मला तिळगुळाचे तीळ निवडत होती. माझं तोंड बघून तिनं ताट बाजूला ठेवलं. मी सगळं सांगितलं, नानांना चार शिव्या हासडून सांगितलं. नाचता येईना अंगण वाकडं, कळत नव्हतं तर हो कशाला म्हणायचं, वगैरे.

"बरं," ती म्हणाली. "मापात कितीनं चुकलं?"

"काय?"

"माप हो. किती चुकलंय?"

"मोजलं नाही."

ती माझ्याकडे बघत राहिली. "तुम्ही? तुम्ही मोजलं नाही? अहो, दुधाची पिशवी अर्धा लिटर भरते की नाही ते मोजणारा माणूस तुम्ही!"

"मोजायचं काय त्यात? फिनिशच चुकलंय!"

"मग फिनिश कसं पाहिजे ते लिहून दिलं असेल ना कागदावर."

"दिलंय की!" मी म्हणालो, आणि ते तिच्यासमोर फेकावं म्हणून ड्रॉइंगची माझी प्रत उघडली. एकतीस मापं होती. पत्र्याची जाडी होती. भोकांचे व्यास होते. खाली उजव्या कोपऱ्यात माझी सही होती. सहीच्या वर 'पृष्ठभाग' असा मी स्वतः आखलेला चौकोन होता, आणि चौकोन कोरा होता.

त्याच आठवड्यात मी अंबडच्या एका सप्लायरला टेबलावरून उठवलं होतं. त्याचं म्हणणं होतं की कारखान्यानं न लिहिलेली गोष्ट कारखाना मागतोय, आणि मी त्याला ती ड्रॉइंगवर लिहिलेली दाखवली होती. उलट मागच्या महिन्यात एका वरिष्ठानं ड्रॉइंगवर नसलेल्या गोष्टीसाठी उगाच एक लॉट अडवला होता, तेव्हा मीच कडाकडा भांडलो होतो. ड्रॉइंगवर नाही ते मागायचं नाही. चौकोन कोरा असेल तर करणाऱ्यानं त्याच्या रीतीनं चांगलं ते करावं. हा माझा आवडता नियम. सगळ्या कारखान्याला तोंडपाठ करायला लावलेला. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ चोवीस वर्षं बरोबर दिसलं आणि स्वतःच्या डोळ्यातलं मुसळ मी सही करून नानांच्या हातात ठेवलं होतं.

"किती वाजले?" मी विचारलं.

"सव्वापाच. का?"

जानेवारीत सहाला अंधारून येतं. मी फिलर गेजचं, म्हणजे फट मोजायच्या पात्यांचं, पाकीट खिशात टाकलं आणि चपलाही धड न घालता जिना उतरलो. अशोकस्तंभाशी सिग्नल लागला तेव्हा मी आयुष्यात पहिल्यांदा सिग्नल तोडला. डोळ्यांसमोर एकच दिसत होतं, नाना हातोडी उगारून उभे.

दुकानाचं शटर आज पूर्ण वर होतं. नाना खरंच हातोडी घेऊन उभे होते. आणि समोर जमिनीवर वैजू बसली होती, मडगार्ड मांडीवर आडवं घेऊन, दोन्ही हातांनी कवटाळून.

"दे ते इकडं, वैजू."

"नाही देणार."

"गिऱ्हाइकानं नाकारलंय. आपल्याकडे रीत आहे."

"रीत भांड्याची आहे. हे भांडं नाही."

"शब्द वाढवू नकोस. दिवे लागायची वेळ झाली."

"मग माझ्या हातावर मारा आधी," ती म्हणाली, आणि तिचा आवाज फाटला.

"नाना, थांबा!" मी ओरडलो. पायरीला अडखळलो, एक चप्पल तिथंच राहिली. "थांबा. चूक माझी आहे."

दोघांनी माझ्याकडे बघितलं. वैजूच्या नजरेत असा राग होता की मी तिच्याकडे बघायचं टाळलं.

"मी न मोजता रिजेक्ट केलं," मी म्हणालो. "आमच्या धंद्यात याच्याइतकं मोठं पाप नाही. मला मोजू द्या. मग तुम्ही म्हणाल ते."

नानांनी हातोडी खाली ठेवली. मी मडगार्ड लाकडी ओंडक्यावर ठेवलं, पहिला फर्मा लावला आणि फर्मा आणि पत्रा यांच्या फटीत गेजची पाती सारून बघायला लागलो. ड्रॉइंगवर मी दोन मिलीमीटरची सूट दिली होती. हाताच्या कामाला एवढी तरी द्यावी लागते.

पहिली जागा, पाव मिलीमीटर. दुसरी, पाव. तिसऱ्या जागी सगळ्यात बारीक पातंही जाईना. मला वाटलं फर्मा हलला असेल, परत लावला. तरी जाईना. सात फर्मे, प्रत्येकावर पाच जागा. कारखान्यात अडीचशे टनी प्रेसखालून येणारा पत्रा मी रोज बघत होतो, असा बाक कधी बघितला नव्हता. पस्तिसांपैकी सगळ्यात वाईट जागा पाऊण मिलीमीटरची, तीही हेडलाइटच्या खोबणीत. आणि मग अंगठ्यानं दाबून बघितलं. गाडीचं मूळचं उजवं मडगार्ड दाबलं की टक् करून आत जायचं आणि टक् करून बाहेर यायचं. हे तसूभर हललं नाही. मी सगळ्या अंगाचा भार दिला तरी हललं नाही.

तोंड पत्र्याच्या इतकं जवळ होतं की ठसे आता एकेक दिसत होते. हातोडीच्या प्रत्येक ठशाची एक कड किंचित खोल असते, हात ज्या बाजूनं येतो त्या बाजूची. इतकी बारीक की बोटालाच कळावी. सगळ्या ठशांची डावी कड खोल होती. सगळ्यांची, एकही अपवाद नाही.

मी वर बघितलं. नाना समोर उभे होते, टोपी सारखी करत होते. उजव्या हातानं.

"वैजू," मी म्हणालो, "जरा आकडे लिहून घेतेस का?"

तिनं कोपऱ्यातून पेन्सिल उचलली. डाव्या हातानं.

मी परत पहिल्या जागेपासून पातं सारत एक एक आकडा म्हणत गेलो आणि ती लिहीत गेली. पस्तीस आकडे झाल्यावर मी गेज मिटलं आणि विचारलं, "नाना, हे काम कुणी केलं?"

"दुकानानं केलं."

"हातोडी कुणी मारली?"

नाना पायरीवर बसले. वैजू मान खाली घालून पेन्सिल फिरवत होती.

"मार्चात हात गेला, साहेब," ते शेवटी म्हणाले. उजवा हात त्यांनी पुढं केला. तोवर तो टोपीत, बंडीत, कुठं ना कुठं गुंतवलेला असायचा, म्हणून मला कधी दिसलं नव्हतं. मोकळा सुटल्यावर वाऱ्यावरच्या पानासारखा हलत होता. "कप धरवत नाही, हातोडी कुठली? हिला लहानपणी मी हाकलायचो. एक तर मुलगी, वर डावखुरी. ऐरणीवर बसली तर गल्ली हसेल म्हणायचो. हिनं नुसतं बघून बघून उचललं सगळं. तुमचं काम आलं तेव्हा मी नाहीच म्हणणार होतो. ही ऐकेना. शटर अर्धं ओढायचो, म्हणजे लोकांना वाटावं म्हातारा बसलाय कामाला."

"आणि मला का नाही सांगितलंत?"

"तुम्ही काम दिलं असतंत?"

खरं सांगतो, मी नसतं दिलं. उचलली जीभ लावली टाळ्याला, असं खोटं बोलायला त्या क्षणी जड गेलं नसतं, पण तिच्यासमोर बोलवेना.

"ठोके मोजले होतेस का?" मी वैजूला विचारलं.

"सहा हजारांपर्यंत," ती म्हणाली. अजून माझ्याकडे बघत नव्हती. "मग आकडा चुकायला लागला, सोडून दिलं. गुळगुळीत पाहिजे असेल तर लांबी भरून घ्या, काका. वरून रंग मारला की ठसा दिसणार नाही. आत काय आहे ते आम्हाला माहीत आहे, पुरे झालं."

"लांबी?" मी म्हणालो. "ह्याच्यावर लांबी? वेड लागलंय का मला!"

मी रुमाल काढला, ओला केला आणि माझी लाल फुली पुसायला घेतली. ठशाठशात खडू बसला होता, लवकर निघेना. मी गुडघ्यावर बसून एकेक ठसा पुसत राहिलो. माझे डोळे भरून आले होते आणि ते लपवायला ते काम बरं होतं. मला लाज वाटत होती आणि तितकाच हेवा वाटत होता. चार वर्षं मी रविवार घालवले होते, पण ह्या मुलीनं अर्ध्या ओढलेल्या शटरमागं दोन महिन्यांत जे केलं होतं ते मला सात जन्मांत जमणार नव्हतं.

रॅलीचं इथंच सांगून टाकतो, नाही तर तुम्ही विचाराल. बक्षीस मिळालं नाही. परीक्षक मडगार्डापाशी थांबले, 'मूळ स्वरूपात नाही' असं लिहिलं आणि मला गटातून बाहेर काढलं. मी जन्मात रिजेक्ट होऊन इतका खूश झालो नव्हतो. कारण मूळच्या गटातल्या लखलखीत गाड्यांपाशी कुणी नव्हतं आणि माझ्या डुकराभोवती ही गर्दी! गडद हिरव्या रंगाखालून ते ठसे उन्हात असे चमकत होते की बायका, पोरं, म्हातारे, जो तो हात फिरवून बघत होता. क्लबातल्या मंडळींनी पुढच्या सोमवारी गल्ली शोधून काढली. मोबाईलवाल्याला दुसरीकडे दुकान बघावं लागलं. वैजूच्या हाताखाली आज दोन जणी काम शिकतात, आणि शटर पूर्ण वर असतं.

पण मला सांगायची गोष्ट त्या रॅलीतली नाही, त्या संध्याकाळचीच आहे. फुली पुसून झाली. गल्लीत दिवे लागले होते. मी मडगार्ड उचलायला वाकलो, तेवढ्यात नानांनी इतक्या वर्षांच्या सवयीनं विचारलं, "नाव काय घालायचं?"

"नाव?"

"नावाशिवाय माल आमच्या दुकानातून जात नाही, साहेब. ज्याच्या घरी जायचा त्याचं, नाही तर आहेर देणाऱ्याचं. आतल्या बाजूला घालू. प्रभाकर खैरनार, बरोबर ना?"

"करणाऱ्याचं नाव घालत नाहीत?"

नाना हसले. "करणाऱ्याचं कोण घालतं? पाचशे वर्षांत कुणी घातलं नसेल. घरच्या हंड्यावर कुणी तांबटाचं नाव बघितलंय?"

"मग यावर घाला," मी म्हणालो. "आणि आतल्या बाजूला नको. बाहेर, वरच्या कडेला, दिसेल असं."

वैजूनं झटकन नाव घालायची छिन्नी आणि छोटी हातोडी उचलली. तिला वाटलं असणार की नाना आता 'करडे आणि कंपनी' म्हणतील, आणि तेच घालून ती मोकळी होणार होती. नानांनी तिच्या हातातून दोन्ही काढून घेतलं.

"नाना, तुमचा हात..."

"स्वतःचं नाव स्वतः घालायचं नसतं," नाना म्हणाले.

मग ते मडगार्डासमोर मांडी घालून बसले. डाव्या हातानं छिन्नी धरली, उजव्या हातात हातोडी घेतली. हातोडी हलत होती, छिन्नी घसरत होती. पहिलाच ठिपका भलतीकडे पडला. वैजू पुढं झाली, मी तिला हातानं थांबवलं. नानांनी एक श्वास घेतला आणि परत ठोका मारला. वै. मग ज. एकेका अक्षराला दहा-बारा ठिपके, आणि प्रत्येक ठिपक्याआधी तो हात हवेत थांबायचा, शांत होतोय का बघायचा, आणि व्हायचा नाही. शेजारच्या दुकानातले लोक दारात येऊन उभे राहिले. दुपारी जो हसला होता तोही होता. नाना कुणाकडे बघत नव्हते. वैजू भिंतीकडे तोंड करून हमसून हमसून रडत होती आणि मनगटानं नाक पुसत होती.

नाव पुरं व्हायला पाऊण तास लागला. नानांनी बोटांनी अक्षरं चाचपली आणि माझ्याकडे वर बघितलं.

"वाकडं झालं का हो, साहेब?"

मी खाली वाकून बघितलं. अक्षरं ओळ सोडून वर चढत गेली होती. शेवटची वेलांटी तर पत्र्याच्या कडेवरून खाली उतरली होती. चोवीस वर्षांच्या नोकरीत मी खोटा रिपोर्ट कधी दिला नव्हता.

"एकदम सरळ आहे, नाना," मी म्हणालो.